केडगांवचा छापखाना आणि आमची शब्बाथशाळा

सोमेश्वरनगरच्या साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला म्हणजे ऊसतोडणीसाठीं परजिल्ह्यांतून आलेल्या कुटुंबांच्या कोप्या शेतांच्या कडेला उभ्या राहतात. त्यांपैकीं जीं थोडीं ख्रिस्ती कुटुंबें रविवारीं आमच्या उपासनेस येतात, त्यांच्या व गांवच्या मुलांसाठीं शब्बाथशाळा चालविण्याचें काम आम्हां दोघीतिघींकडे आहे. वर्षांतील एक रविवार मिशनकार्याच्या शिक्षणास दिलेला असतो. त्या दिवसाकरितां जे धडे आमच्या हातीं पडत, ते बहुधा परभाषेवरून उतरविलेले असत. त्यांतील मिशनरी सदा सातासमुद्रांपलीकडून बोटीनें येई आणि ऐकणारे सदा झाडाखालीं हात जोडून बसलेले असत. आमचीं मुलें चित्र पाहून तेव्हांच ओळखत कीं, झाडाखालचे ते आपण.

मिशन म्हणजे दुसऱ्यानें येऊन आपल्याला कांहीं देणें, एवढाच अर्थ त्यांच्या मनांत ठसावा हें आम्हांस मान्य होईना. अहमदनगरास १८४२ सालीं ‘ज्ञानोदय’ निघाला, तेव्हांपासून या प्रांतीं ख्रिस्ती मजकूर मराठींत छापला जात आहे. मग मुलांच्या धड्यासाठींच परक्याच्या तोंडाकडे कां पाहावें? म्हणून गेल्या वर्षीं धडा स्वतःच लिहावयाचा ठरविला, आणि त्याचा विषय आपल्याच जिल्ह्यांत, दौंड तालुक्यांतील केडगांवीं सांपडला.

पंडिता रमाबाईंनीं १८९६–९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून आणिलेल्या मुलींना व विधवांना केडगांवीं आसरा दिला, हें वाचकांस ठाऊकच आहे. आम्हीं भर दिला तो पुढच्या गोष्टीवर. या आश्रमांतील मुली तेथल्या छापखान्यांत खिळे जुळवावयास व छापावयास शिकल्या. रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, साध्याभोळ्या बायकांस कळावें या हेतूनें, बायबलाचें मराठी भाषांतर केलें. तें याच छापखान्यांत, मुलींच्या हातून छापून निघालें. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. मूळ शब्दास धरून राहण्याच्या आग्रहामुळें त्याची वाक्यरचना कोठें कोठें अवघड झाली आहे, आणि मंडळ्यांच्या उपासनेंत बायबल सोसायटीचेंच भाषांतर चालत राहिलें. हेंही आम्हीं धड्यांतून गाळलें नाहीं. थोरांच्या चरित्रांतील अडचणीचीं पानें मुलांपासून लपविणें आम्हांस पसंत नाहीं.

धडा वाचून दाखवितांना सर्वांत रंग भरला तो खिळ्यांच्या भागास. शिशाच्या खिळ्यावर अक्षर उलटें असतें, तेव्हां कुठें तें कागदावर सुलटें उमटतें. त्यांतून आपली बाळबोध लिपि! काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरें, या सर्वांचे खिळे निराळे. त्यांच्या घरांची संख्या इंग्रजीच्या कितीतरी पट. हें सारें ध्यानांत ठेवून एकेक खिळा उचलणारी मुलगी कालपरवां दुष्काळांतून उपाशी आलेली होती, असें सांगतांच मुलें पुढें सरकलीं. आम्हीं एक आरसा नेला होता. प्रत्येकानें पाटीवर आपलें नांव उलटें लिहावें व आरशांत वाचून पाहावें, असा खेळ मांडला. गांवच्या मुलांची एकच हसाहस उडाली.

कोपीवरची एक दहा वर्षांची मुलगी मात्र पेन्सिल हातांत धरून तशीच बसली. सहा महिने ती तळावर धाकट्या भावास सांभाळते आणि सहा महिने घरीं असते. शाळेचा पट दोन्हीकडचा अर्धाच. बऱ्याच वेळानें ती हळूच म्हणाली, “बाई, केडगावच्या पोरींना आदी सुलटं शिकवलं आसंल ना? मला सुलटंच येत न्हाई.”

छापलेल्या धड्याच्या पन्नास प्रती आमच्या टेबलावर होत्या. त्या तशाच ठेवून आम्हीं तिची पाटी पुसली आणि तिच्या नांवाचें पहिलें अक्षर काढून दिलें. आतां उपासना सुटल्यावर तासभर पाट्यांचा वर्ग भरतो. हंगाम संपावयास अवघे सात रविवार उरले आहेत.