अब्बांची सायकल आणि आपाची

बापाच्या मागे राहिलेल्या वस्तूंविषयी आपल्या घरांत साधारणपणे दोनच मते असतात. एक म्हणते, आठवण आहे, हात लावू नका. दुसरे म्हणते, जागा अडते, भंगारवाल्याला द्या. सायकलीच्या बाबतीत आम्हाला ही दोन्ही मते सारखीच निरुपयोगी वाटतात. आठवण म्हणून भिंतीला टेकवलेली सायकल गंजून जाते आणि भंगारात गेलेली किलोवर विकली जाते. तिच्यावर बसून रोज कामाला जावे, हे मात्र कुणाच्या मनात येत नाही, कारण जुनी सायकल जड असते, करकरते आणि गुडघे दुखवते, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेले असते.

आम्ही मिरजेचे. दोघे भाऊ, एक शिंपीकाम करतो, एक छापखान्यात आहे, पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. अब्बा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर कामाला होते आणि जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर हर्क्युलिसवरून करायचे. बावीस इंची फ्रेम, २८ बाय दीडची चाके, रॉडचे ब्रेक. नगरपालिकेच्या सायकलकराचा पत्र्याचा बिल्ला अजून हँडलखाली लटकतो, त्यावरचे आकडे पुसले गेले आहेत. अब्बांच्या इंतकालानंतर सायकल परसात पोत्याखाली पडून होती. ती बाहेर काढण्याचे कारण आठवण नव्हती. घरातल्या दोन मोटरसायकलींपैकी एक विकावी लागली आणि पेट्रोलचा हिशेब जमेना, म्हणून काढली.

आमच्या मोहल्ल्यातल्या मिस्त्रींना सगळे चाचाच म्हणतात. त्यांनी फ्रेमवर बोटाच्या पेराने टिचकी मारली, सांध्यांवरचा रंग खरवडून पाहिला आणि म्हणाले, "इसकू भंगार में नको डालो. लोहा अच्छा है, गंज उप्परका उप्पर है." सायकल घ्यायची की टाकायची हे ठरवताना फ्रेम आणि पुढचा चिमटा सरळ आहे का, एवढेच बघायचे असते. बाकी सगळे बदलता येते. टी. आय. सायकल्सने १९४९ साली मद्रासेत सुरुवात केली, ॲटलसने १९५१ साली सोनीपतला आणि हीरोने १९५६ साली लुधियान्यात. पण या काळ्या सायकलींचा साचा बहुतेक एकच. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनाला, बंद पडला. तरी त्या सायकलीला टायर, छर्रे, चेन कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळते, ती या साच्यामुळे.

मग झाले ओव्हरहॉलिंग, ज्याला आमच्याकडे सगळे ओव्हरऑइलिंग म्हणतात, आणि ते काही अगदीच चूक नाही. पूर्वी रॉकेलच्या थाळीत भाग धुवायचे, आता डिझेल. दोन्ही चाकांचे हब, मधला एक्सल आणि हँडलचे बेअरिंग उघडले तेव्हा आत ग्रीस नव्हते, काळी माती होती. जुने छर्रे कितीही चकचकीत दिसले तरी परत घालायचे नाहीत, हा चाचांचा नियम. नवे इतके स्वस्त मिळतात की तिथे वाचवण्यासारखे काही नसते. वाटीत ग्रीस भरून छर्रे मांडले आणि कोन असा आवळला की चाक डुगडुगू नये आणि घासूही नये. हे त्या सगळ्या कामातले सर्वांत नाजूक आवळणे. चाचांनी ते तीनदा उघडून परत केले.

पायडलच्या दर फेऱ्याला येणारी टकटक कॉटर पिनची होती. पिन दोन्ही नव्या घातल्या, एक वरून तर एक खालून, नाहीतर दोन पायडल एका रेषेत राहत नाहीत. चाकाचा आऊट काढायला चाचा बसले तेव्हा ते प्रत्येक तार बोटाने छेडून आवाज ऐकत होते. सैल तार बसका आवाज देते. मिरजेत याचे नवल नको. इथल्या शिकलगारांनी हत्यारांना धार लावण्याचा धंदा सोडून एकोणिसाव्या शतकात सतारी बनवायला घेतल्या आणि २०२४ साली त्या सतारींना भौगोलिक मानांकनही मिळाले. चाचांना मानांकन मिळणार नाही, पण कान तोच.

आता आरामाचे. गुडघे दुखतात ते सायकल जुनी असल्याने नव्हे, सीट खाली असल्याने. दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून आपल्याकडे सीट पार खाली बसवतात आणि मग दर फेऱ्याला गुडघा दुमडून जोर लावावा लागतो. टाच पायडलवर ठेवून पाय खाली नेला तर तो जवळजवळ सरळ व्हावा, इतकी सीट वर हवी. उतरताना पुढे सरकून उतरायचे. याला एक पैसा लागत नाही, फक्त पाना लागतो. सीट मात्र आम्ही नवी घेतली, रुंद, खाली स्प्रिंगची. या सायकलीवर माणूस ताठ बसतो, सगळा भार बुडावर येतो, तिथे अरुंद सीट कामाची नाही.

दुसरी गोष्ट फ्रीव्हीलची. चेनव्हीलला ४४ दात, मागे १८. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाक सुमारे अडीच वेळा फिरते. अब्बांच्या मांड्यांना ते चालायचे. आम्ही मागे २२ दातांचे फ्रीव्हील बसवले, चेनला दोन कड्या वाढवल्या. आता एका फेऱ्याला चाक बरोबर दोनदा फिरते. सपाट रस्त्यावर वेग थोडा कमी पडतो, पण रेल्वेच्या पुलाच्या चढावर उतरावे लागत नाही. गिअरची सायकल घ्या, असे आम्हाला बऱ्याच जणांनी सुचवले होते. दुकानात पाहिल्याही. वाकून बसायचे, आणि मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, चेनवर झाकण नाही. पावसाळ्यात अशी सायकल म्हणजे बटणाशिवायची शेरवानी. रॉडच्या ब्रेकची मात्र आम्ही तारीफ करणार नाही. नवे रबर बसवले तरी लोखंडी रिम भिजली की ते उशिराच धरतात. पावसात आम्ही आधीपासून दाबायला लागतो.

अब्बांच्या सायकलीचे हे पाहून आपा म्हणाली, "मला एक बनवून द्या."

आपा आमची थोरली बहीण, बेवा आहे. पलीकडच्या वस्तीतल्या बालवाडीत शिकवते आणि मानधनातला मोठा हिस्सा रिक्षात घालते. लहानपणी ती आमच्याहून चांगली सायकल चालवायची. आमच्या मोहल्ल्यात मुलगी सातवीत गेली की सायकल सुटायची. फतवा कुणी काढलेला नसे. कपडे चेनमध्ये अडकतात, एवढेच सांगितले जाई. कारण खोटे नव्हते, अडकतातच. पण शिवणयंत्राच्या चाकातही ओढणी अडकते, म्हणून कुणी बाईचे यंत्र काढून घेतल्याचे ऐकलेले नाही.

एक जुनी लेडीज सायकल मिळाली, वाकड्या नळीची, २६ इंची चाकांची. तिच्या मागच्या मडगार्डच्या कडेला बारीक भोकांची रांग होती. ती कशासाठी, हे विकणाऱ्यालाही माहीत नव्हते. चाचांना माहीत होते. त्या भोकांतून एक्सलपर्यंत दोरी ओवून चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी विणतात, म्हणजे कपडा तारांत जात नाही. जाळी आमच्यातल्या शिंप्यानेच विणली, नायलॉनच्या दोरीची. चेनवर अर्धे नव्हे, पूर्ण बंद झाकण बसवले. ते खडखडू नये म्हणून आत ट्यूबचे तुकडे चिकटवले. हँडल वर उचलले, पुढे टोपली लावली. सगळा खर्च, सायकलीची किंमत सोडून, तीन हजारांच्या आत.

सीट आधी मुद्दाम खाली ठेवली होती, तोल सांभाळायला. आपा फजरनंतर मैदानावर चकरा मारायची आणि आम्ही दर आठवड्याला सीट अर्धा इंच वर करायचो. बऱ्याच वर्षांचा खंड होता. पाचव्या दिवशी तिने आम्हाला मागून धरू नका म्हणून सांगितले. बुरखा घालूनच चालवते, जाळीला अजून काही अडकलेले नाही. शेजारच्या एका खालांनी अम्मीकडे तक्रार नेली, या वयात शोभतं का म्हणून. आपा आतून म्हणाली, "खाला, रिक्षाचे पैसे तुम्ही द्याल का?" खालांनी चहा घेतला आणि विषय बदलला.

त्याच खालांची सून परवा जाळीचे माप विचारायला आली होती. तिच्या सायकलीच्या मडगार्डला भोके नाहीत, पाडावी लागतील. चाचा म्हणतात, पत्रा पातळ आहे, बारीक बिटाने सावकाश पाडू.