चवीपुरतें मीठ

लेखनाचे जेवढे म्हणून प्रकार आहेत त्यांत पाककृति हा सर्वांत धाकटा मानला जातो. काव्य, नाटक, कादंबरी यांच्या पंक्तीला त्याच्यासाठीं पाट मांडलेला मीं कधीं पाहिला नाहीं. आणि तरीही समोर नसलेल्या माणसाला आपल्या मनांतील गोष्ट जशीच्या तशी पोंचविणें ही जी लेखकाची खरी कसोटी, ती या धाकट्या प्रकाराइतकी कठोरपणें दुसरा कोणताही प्रकार घेत नाहीं. निबंध बिघडला तर चार गुण जातात. कृति बिघडली तर भात करपतो, आणि करपलेल्या भातापुढें कोणाचीही वकिली चालत नाहीं.

हा विचार मला सुचला तो महाविद्यालयांतील तीस वर्षांच्या अध्यापनामुळें नव्हे, तर चौथीच्या वर्गांत घालविलेल्या चार शनिवारांमुळें. आमचें जळगांव जामोद हें सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेलें तालुक्याचें गांव. येथील एका प्राथमिक शाळेंतील शिक्षिका आमच्या शेजारीं राहतात. त्या एकदां म्हणाल्या, "सर, आमच्या मुलांचा एखादा तास घ्या ना. सगळ्यांच्या निबंधांत एकच गाय आणि एकच आई असते हो!" तक्रार खरी होती. मीं वह्या चाळल्या. प्रत्येक वहींतील आई पहाटे उठत होती, प्रेमळ होती आणि मुलांवर सुसंस्कार करीत होती. खरी मात्र त्यांतली एकही वाटत नव्हती. तेव्हां मीं ठरविलें कीं आईवर निबंध न मागतां, आई जें करते त्याची कृति मुलांकडून लिहवून घ्यावी.

आरंभ विस्तवाशीं संबंध नसलेल्या पदार्थानें, म्हणजे लिंबाच्या सरबतानें केला. टेबलावर तांब्याभर पाणी, लिंबू, साखर, मीठ आणि सुरी मांडली, आणि बजावलें कीं तुम्ही लिहाल तेवढेंच मी करीन, पदरचें कांहीं घालणार नाहीं. पहिल्या वहींत होतें, "पाण्यात लिंबू टाका." मीं अखंड लिंबू तांब्यांत सोडलें. दुसऱ्यानें शहाणपणानें लिहिलें होतें, "लिंबू कापून पिळा." कोठें पिळावें तें नसल्यामुळें रस टेबलावर पडला. तिसऱ्याच्या "साखर टाका" या आज्ञेप्रमाणें मीं डबाच उपडा करूं लागलों, तेव्हां शिक्षिकाबाईंनीं माझा हात धरला. वर्गांत हंशाचा कल्लोळ झाला. तो ओसरल्यावर एक मुलगी गंभीरपणें म्हणाली, "सर, तुम्हाला माहीत आहे ना, मग असं कशाला करता?"

साऱ्या लेखनविद्येचें मर्म त्या प्रश्नांत होतें. मला माहीत होतें हें खरें. परंतु कागदाला माहीत नव्हतें. मूल ज्यांच्याशीं बोलतें तीं सारीं माणसें त्याच्या डोळ्यांसमोर असतात. त्याचें अर्धें वाक्य तोंडानें होतें आणि उरलेलें बोटानें. लिहूं लागलें कीं तें बोट निरुपयोगी होतें. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याला ठाऊक नसेल, ही जाणीव नवव्या वर्षीं येणें कठीण. पुष्कळांना ती पन्नाशींतही आलेली दिसत नाहीं.

दुसऱ्या शनिवारीं आम्ही शाळेच्या स्वयंपाकघराकडे वळलों. शासकीय शाळांतून मुलांना शिजविलेलें अन्न द्यावें असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २००१ सालीं दिला, हें वाचकांस आठवत असेल. या योजनेंत पहिली ते पांचवीच्या प्रत्येक मुलामागें १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असें प्रमाण ठरलेलें आहे. मुलांनीं हिशेब केला: १०० मुलें हजर असतील तर १० किलो तांदूळ, २ किलो डाळ, ५ किलो भाजी, अर्धा किलो तेल. म्हणजे कृतीचा मोठा भाग शासनानेंच लिहून ठेवलेला! पाणी किती, मीठ किती आणि खिचडी उतरवावयाची केव्हां, एवढेंच स्वयंपाक करणाऱ्या मावशींना विचारावयाचें उरलें. मावशी हंसून म्हणाल्या, "मापानं नाही होत, बाप्पा, डोयानं होते."

मुलें हिरमुसलीं. मीं त्यांना विचारावयास लावलें, "मावशी, डोळ्याला काय दिसतं?" प्रथम त्यांना हा प्रश्नच चमत्कारिक वाटला. मग हळूहळू उत्तरें येऊं लागलीं. तांदूळ नवा असला तर पाणी कमी घालावें. डाळीचा दाणा दोन बोटांत दाबून पाहावा. मधोमध टणक लागला तर अजून अवकाश आहे. वरचें पाणी आटून भाताला भोकें पडूं लागलीं कीं आंच कमी करावी. मुलें भराभर लिहीत होतीं, आणि मावशी आपलेंच बोलणें वहींत उतरतांना टक लावून पाहत होत्या. आपण ज्याला अंदाज म्हणतों तो कांहीं गूढ साक्षात्कार नव्हे. हजार वेळां घेतलेलें तें माप असतें. हाताला तें आतां मोजावें लागत नाहीं, इतकेंच. त्याला शब्द असतात. तें कोणीं विचारलेलें नसतें.

पुढल्या खेपेस मुलें आपापल्या घरून पिठल्याची कृति घेऊन आलीं. पूर्णा नदीच्या अंगास आजोळ असलेल्या एका मुलाच्या वहींत वाक्य होतें, "मामाच्या गावी मीठ कमी टाकावे." कारण विचारतां त्यानें सांगितलें कीं तेथील विहिरीचें पाणीच खारट आहे आणि त्यांत डाळही लवकर शिजत नाहीं. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यांत पसरलेला खारपाणपट्टा भूगोलाच्या पुस्तकांत या मुलांना पुढें केव्हां तरी भेटेल; येथें तो पिठल्याच्या पातेल्यांतच भेटला.

एका मुलीनें लिहिलें होतें, "शेवटी वरून सांबार टाका." आमच्या वऱ्हाडांत कोथिंबिरीला सांबार म्हणतात. शिक्षिकाबाईंची तांबडी लेखणी त्या शब्दाकडे वळली, तेव्हां मीं त्यांना क्षणभर थांबविलें आणि वर्गाला विचारलें कीं ही वही पुण्याच्या एखाद्या मुलाच्या हातीं पडली तर काय होईल? पिठल्यावर इडलीबरोबरचें सांबार ओतणारा तो पुणेकर डोळ्यांपुढें येतांच वर्ग पुन्हां हंसला. शेवटीं असें ठरलें कीं आईचा शब्द खोडावयाचा नाहीं. त्याच्या शेजारीं वाचणाराचा शब्द बसवावयाचा. "सांबार, म्हणजे कोथिंबीर." भाषाशुद्धीच्या अनेक वादांचा याहून समंजस निकाल मीं विद्वानांच्या सभेंतही ऐकलेला नाहीं.

मराठींत छापील पाकशास्त्र तसें जुनें आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें 'सूपशास्त्र' १८७५ सालचें. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० सालची. 'रुचिरा' घरोघरीं पोंचली याचें एक कारण, तिनें वाटी आणि चमचा हीं घरांतलीं मापें धरलीं. परंतु अशा पुस्तकांची गरज मुळांत कां पडावी? सासूच्या किंवा आईच्या शेजारीं बसून जी शिकली तिला पुस्तक नको होतें. बिऱ्हाड दूर गेलें, स्वयंपाकघरांत एकटेंच उभें राहावें लागलें, तेव्हां कागदाकडे हात गेला. या वर्गांतील मुलें, आणि त्यांत मुलगेही आले, आणखी दहा वर्षांनीं शिक्षणासाठीं, नोकरीसाठीं पुण्या-मुंबईस जातील आणि भाड्याच्या खोलींत शेगडीपुढें उभीं राहतील. ज्या अपरिचित वाचकासाठीं तीं आज लिहीत होतीं, तो कदाचित् तींच असतील.

माझी आई लिहावयास शिकली नव्हती. तिच्या लिंबाच्या लोणच्याचें प्रमाण तिच्याबरोबर गेलें. बहीण घालते, पत्नीही घालते. दोघींचेंही उत्तम होतें. बरणी उघडली कीं मात्र आम्ही तिघेंही क्षणभर गप्प होतों.

म्हणून चौथ्या शनिवारीं जें घडलें त्याचें मला विशेष मोल वाटतें. कृति घरीं वाचून दाखवावी आणि दुरुस्त करून आणावी, असें मुलांना सांगितलें होतें. एका मुलाची आई दोनच इयत्ता शिकलेली. मुलाच्या गणिताची वही तिनें कधीं हातीं धरली नव्हती, कारण त्यांतलें बरोबर काय आणि चूक काय हें तिला सांगतां येत नसे. कृति मात्र तिनें त्याच्याकडून दोनदां वाचून घेतली आणि म्हणाली, "हिंग राह्यला. अन् पीठ एकदम नाही टाकत, गुठया होतात." मुलानें तें समासांत लिहून आणलें होतें. पुस्तकी विद्येच्या त्या वहींत त्याची आई त्या दिवशीं प्रथमच परीक्षक झाली. पहाटे उठणाऱ्या आणि सुसंस्कार करणाऱ्या त्या छापील आईपेक्षां ही आई किती तरी खरी होती.

एक शंका तेवढी शेवटपर्यंत राहिली. बहुतेक वह्यांत "चवीपुरते मीठ" असें होतें. एकानें उठून विचारलें, "कोणाच्या चवीपुरतं?" करणाऱ्याच्या, खाणाऱ्याच्या, कीं लिहिणाऱ्याच्या? यावर बराच खल झाला. अखेर वर्गानें एकमतानें तें वाक्य बदललें. आतां सर्व वह्यांत असें आहे: "आधी थोडे मीठ टाका. चाखून पाहा. कमी वाटले तर आणखी टाका."