पाच फूट आठ इंचांचा डॅनी

प्रिय दादा,


मागच्या पत्रात अमेरिकन फुटबॉलला तू ‘चिलखत घालून केलेली चेंगराचेंगरी’ म्हणालास. म्हण बापडा. पण त्या चेंगराचेंगरीत दहा वर्षं तग धरून राहिलेल्या एका बुटक्याबद्दल तुला लिहायचं कधीचं मनात आहे. आता तो तुझ्या प्रांतात, म्हणजे गोल्फमध्ये शिरलाय. तेव्हा येरवड्याला सकाळची फेरी उरकलीस की हे वाच.

डॅनी वुडहेड त्याचं नाव. जन्म १९८५चा, गाव नेब्रास्कातलं नॉर्थ प्लॅट. मालगाड्यांचे डबे सोडवून नव्यानं जोडायचं जगातलं सर्वांत मोठं यार्ड याच गावात आहे. शाळेत असताना डॅनीला अडवणं कुणाला जमत नसे, पण उंची पाच फूट आठ इंचांवर येऊन थांबली. राज्याच्या बड्या विद्यापीठानं शिष्यवृत्ती काही देऊ केली नाही. मग तो पार वायव्य कोपऱ्यातल्या चॅड्रन स्टेट कॉलेजात गेला. थोरला भाऊ तिथं आधीच खेळत होता.

चॅड्रन म्हणजे दुसऱ्या श्रेणीचं कॉलेज. तेव्हा पहिल्या श्रेणीतल्या मातब्बर विद्यापीठांना फुटबॉलसाठी ८५ शिष्यवृत्त्या असत. यांना ३६, आणि त्याही पोरांत तुकडे करून वाटायच्या. डॅनी होता रनिंग बॅक. क्वार्टरबॅकनं हातात दिलेला चेंडू पोटाशी धरायचा, समोरच्या दीडशे-दीडशे किलोंच्या भिंतीत फट शोधायची आणि ती बुजायच्या आत पार व्हायचं. २००६च्या एका हंगामात तो २,७५६ यार्ड धावला. चार वर्षांची बेरीज ७,९६२ यार्ड. तोवर अमेरिकेतल्या कुठल्याही श्रेणीच्या कॉलेजात एवढं कुणी धावलं नव्हतं. त्या श्रेणीतल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी हार्लन हिल ट्रॉफी त्यानं लागोपाठ दोनदा नेली.

आणि २००८च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजातली पोरं निवडतात तेव्हा? सात फेऱ्या झाल्या, अडीचशेवर पोरं उचलली गेली, याचं नाव कुणी घेतलं नाही. निवड करणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं: अंगानं लहान, आणि समोरचे संघही लहानच. खरं सांगू, यातला दुसरा आक्षेप मला अगदीच अन्यायाचा वाटत नाही. कच्च्या गोलंदाजीवर काढलेल्या त्रिशतकाकडे आपणही जरा डोळे बारीक करूनच बघतो की.

न्यूयॉर्क जेट्सनी त्याला ड्राफ्टबाहेरून घेतलं. पहिल्याच सराव शिबिरात गुडघा गेला, वर्ष वाया. तिथं असतानाच गंमत म्हणून त्याला खेळाच्या सामानाच्या दुकानात विक्रेता म्हणून उभं करून चित्रीकरण केलं होतं. हा पठ्ठ्या स्वतःच्याच नावाची जर्सी गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारतोय, वुडहेड कसा भारी खेळतो ते रंगवून सांगतोय, आणि काउंटरपलीकडच्यांना पत्ताच नाही की वुडहेड तो हाच! ती चित्रफीत मिळाली तर जरूर बघ.

सप्टेंबर २०१०मध्ये हंगामाचा एकच सामना झाला होता, तेवढ्यात जेट्सनी त्याला नारळ दिला. चार दिवसांत न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी उचलला. हे त्यांचे हाडवैरी. डिसेंबरात दोघांची गाठ पडली तेव्हा पेट्रियट्सनी ४५-३ असा धुव्वा उडवला. वुडहेडनं चारच पास झेलले, पण १०४ यार्ड कमावले.

इथं त्याचं खरं काम कळतं. भिंतीत घुसण्यापेक्षा तिच्या आडून निसटण्यात तो पटाईत होता. साडेसहा फुटी धटिंगणांच्या मागे हा क्षणभर दिसेनासा व्हायचा आणि बाजूनं बाहेर पडला की त्याच्यावर पाळत ठेवायला बचावफळीतला कुणी जडशीळ लाइनबॅकर असायचा, चपळाईत कमी. पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी, त्याला असा माणूस म्हणजे घबाडच. फेब्रुवारी २०१२चा सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना: पेट्रियट्स स्वतःच्याच गोलरेषेपासून चार यार्डांवर अडकलेले, पुढे ९६ यार्डांचं मैदान. चौदा डाव टाकत ते पलीकडे पोचले. मध्यंतराला आठ सेकंद उरली असताना ब्रेडीचा चार यार्डांचा शेवटचा पास वुडहेडनं झेलला. टचडाउन! सामना मात्र समोरच्या जायंट्सनी २१-१७ असा नेला.

पुढे सॅन डिएगो चार्जर्सकडून २०१३मध्ये ७६ झेल, २०१५मध्ये ८०. मधल्या २०१४मध्ये पाय मोडला, २०१६मध्ये पुन्हा गुडघा, २०१७मध्ये बाल्टिमोरच्या संघात असताना मांडीमागचा स्नायू. २०१८मध्ये त्यानं निवृत्ती घेतली. झेलांची एकूण बेरीज बरोब्बर ३००.

वय तेहतीस. अशा वेळी बहुतेक जण टीव्हीवर समालोचन करतात किंवा उपाहारगृह काढतात. हा गोल्फच्या मागे लागला, आणि तेही शनिवार-रविवारच्या हौसेपुरतं नव्हे. २०२१मध्ये तो जोडीदारासह यू. एस. अमॅच्युअर फोर-बॉल स्पर्धेला पात्र ठरला. स्पर्धा होती चेंबर्स बेवर. तिथंच २०१५मध्ये जॉर्डन स्पीथनं यू. एस. ओपन जिंकली होती. तुझ्या क्लबात कुणी विचारेल, इतकी वर्षं पैसे घेऊन खेळलेला माणूस हौशी कसा? तर गोल्फचा नियम फक्त गोल्फमधली कमाई बघतो. फुटबॉलमध्ये कोट्यवधी मिळवलेत तरी इथं तुम्ही हौशीच.

दोन वर्षांनी त्यानं थेट यू. एस. ओपनसाठी अर्ज भरला. त्या वर्षी दहा हजारांवर अर्ज आले होते. पहिली पात्रता फेरी अठरा होलची, त्याची ओमाहात. तीतून तो तरला. इथं प्रतिस्पर्धी कच्चे होते म्हणायची सोय नव्हती. त्याच दिवशी, त्याच मैदानावर, सगळ्यांना तेच अठरा होल. निव्वळ नाव मोठं म्हणून वर चढलेला हा पाहुणा नाही, असं मी म्हणतो ते म्हणूनच. पुढची फेरी एका दिवसात छत्तीस होलची, आणि तिथं गाठ पडते रोजीरोटीसाठी खेळणाऱ्या पक्क्या व्यावसायिकांशी. तिथून लॉस एंजेलिसच्या मुख्य स्पर्धेपर्यंत काही तो पोचला नाही.

तुझा हँडिकॅप अठरा की एकोणीस, ते तू कधी धड सांगत नाहीस, म्हणून जाता जाता लिहितो: त्या वर्षी हौशी खेळाडूला नुसता अर्ज भरायलाही हँडिकॅप १.४ किंवा त्याखाली लागत होता (जितका कमी, तितका खेळ पक्का). पुढच्याच वर्षी आयोजकांनी तो ०.४वर आणला.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
धाकटा