उणिवेचं पठार

पावसाळा उताराला लागला की कासच्या पठारावर कशाचीच कमतरता दिसत नाही. जांभ्याच्या खळग्याखळग्यांत पाणी तुंबलेलं, धुकं विरलं की लख्ख ऊन, आणि वारा तर कायमचाच. या वाऱ्यात शंभरातले अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजन. तरी इथली कितीतरी रोपं बोट-दोन बोटं वाढून थांबतात. गेंदाची पांढरी बोंडं, सीतेच्या आसवांची जांभळी-निळी झाक, सगळं घोट्याच्या आत. सह्याद्रीनं एवढ्या उंचीवर नेऊन त्यांना इतकं लहान का ठेवलं असावं?

पानातल्या साखरेचा हिशेब सरळ आहे. 264 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि 108 ग्रॅम पाणी यांतून जास्तीत जास्त 180 ग्रॅम ग्लुकोज होतं, बाकीचा 192 ग्रॅम ऑक्सिजन पान वाऱ्यावर सोडून देतं. आता वायू निम्माच, म्हणजे 132 ग्रॅम मिळाला तर? पाणी अख्ख्या तळ्याएवढं असलं तरी त्यातलं 54 ग्रॅमच कामी येतं आणि साखर 90 ग्रॅमच्या वर जात नाही. भात हंडाभर असला तरी पंगत पत्रावळींइतकीच बसते. जो घटक आधी संपतो, त्याला रसायनशास्त्र लिमिटिंग रिएजंट म्हणतं. शेतीत हाच विचार जर्मनीत कार्ल स्प्रेंगेलनं 1828 मध्ये मांडला आणि लीबिगनं तो गाजवला: पीक वाढतं ते सर्वांत अपुऱ्या पोषकद्रव्याच्या मापानं.

कासला ते अपुरं द्रव्य बहुतेक नायट्रोजनच. वरच्या समीकरणात त्याचं नावही नाही, पण क्लोरोफिलच्या प्रत्येक रेणूत मॅग्नेशियमच्या एका अणूला नायट्रोजनच्या चार अणूंनी धरून ठेवलेलं असतं. साखर घडवणारी विकरंही त्याच्याशिवाय बनत नाहीत. हवेतला नायट्रोजन तिहेरी बंधानं असा जखडलेला की मुळांना त्याचा काही उपयोग नाही. विजेच्या लखलखाटात त्यातला थोडा सुटतो आणि पावसाबरोबर खाली येतो. पण जांभ्यावर माती ती केवढी! जे विरघळतं त्यातलं बरंच तोच पाऊस धुऊन नेतो, आणि तुंबलेल्या, गुदमरलेल्या चिखलातले जिवाणू उरलेल्या नायट्रेटचा पुन्हा वायू करून टाकतात. देणाराही पाऊस, नेणाराही पाऊस.

मग दवबिंदू नावाची एक वनस्पती आपली पानं पुढे करते. तिला पाहायला गुडघे टेकावे लागतात, आणि ते योग्यच आहे. लालसर केसांच्या टोकांवर चिकट थेंब चमकत असतात. चिलट बसतं, अडकतं, केस हळूहळू त्याच्याकडे वळतात, पाचकरस स्रवतात. शेजारच्या सीतेच्या आसवांची तऱ्हा निराळी. वर नाजूक फूल, खाली ओल्या मातीत इवल्या पिशव्या, ज्या पापणी लवायच्या आत सूक्ष्म जीव ओढून घेतात. याला क्रौर्य म्हणवत नाही. अडलेली अभिक्रिया पुढे न्यायला हवं तेवढंच मागून घेतलेलं ते दान वाटतं.

दानही पुरतं पदरात पडत नाही. एखादं चिलट निसटतं, एखादं मुंग्या पळवतात, सर आली की रस पातळ होऊन वाहतो, आणि कठीण कवचातलं बरंचसं पानावर तसंच वाळतं. कागदावर जेवढं मिळायला हवं, त्याच्या शेकडा किती हाती आलं, हा खरा उतारा. आणि तो शंभर कधीच भरत नाही. शिवाय शिकारीसाठी घडवलेलं पान साखर करण्यात मागे पडतं. म्हणून हा सौदा ऊन आणि ओल मुबलक असून माती दरिद्री असते तिथेच परवडतो, असं थॉमस गिव्हनिश आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये मांडलं. अपुरं द्रव्य मिळाल्यावर काय होतं, ते इंग्लंडात फ्रान्सिस डार्विननं 1878 मध्येच दाखवलं होतं. त्यानं दवबिंदूच्या तिथल्या जातीला भाजलेल्या मांसाचे कण भरवले. भरवलेली रोपं उपाशी रोपांपेक्षा सरस निघाली, आणि सर्वांत ठळक फरक पडला तो बियांत.

तर मग पठाराला थोडं खत घालावं का? हॉलंडमधल्या माळांवर हे नकळत घडलं. शेतीतला आणि धुरातला नायट्रोजन पावसातून पडत राहिला, नि गवतानं तो दवबिंदूच्या आधी उचलला. गवत उंच झालं आणि बुटक्या रोपांना सावलीत टाकून गेलं. तिथला लिमिटिंग रिएजंट आता प्रकाश. कासला कुंपण हवं की चराई, यावर गावकरी आणि अभ्यासक बरंच बोलले आहेत. मला त्यात एकच विचारायचं आहे: गुरं गवतातून किती नायट्रोजन उचलून नेतात आणि शेणातून किती मागे ठेवतात?