नायट्रोचा लूप

खोपोली लोकलने डोंबिवलीला परतले, तरी डोळ्यांपुढे अजून तेच रूळ. इमॅजिका थीम पार्कमधली नायट्रो ही रोलर कोस्टर! स्विस कंपनीची, खोपोलीजवळ २०१३ पासून. डब्याला तळच नाही, पाय अधांतरी. साखळी खडखडत सुमारे ४० मीटर वर नेते. पुढे ना इंजिन, ना मोटार, सगळा जोर त्या उंचीचाच. पाच वेळा डोकं खाली, पाय वर. भाचीने हात इतका घट्ट धरला की माझ्या मनगटावर बांगडीचा वळ उमटलाय.

पण मला खरं वेड लावलं ते लूपच्या आकाराने. तो गोल नाहीच, वर निमुळता, पाण्याच्या थेंबासारखा! जुने लूप गोल असायचे. तळाशी शिरताना मानेला जबर हिसका बसे. वर्नर स्टेंगेल या जर्मन अभियंत्याने हा आकार गणिताने बसवला आणि १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात ‘रिव्होल्यूशन’ ही कोस्टर त्यावर धावली. खाली वेग जास्त म्हणून वळण ऐसपैस. माथ्यावर वेग कमी म्हणून वळण आवळलेलं. किती सुंदर आहे हे!

बदलापूर येईतो भाचीला हे बिस्किटाच्या पुड्यावर काढून दाखवलं. तिने पेन हिसकावलं. “मावशी, मग माथ्यावर कमीत कमी वेग किती हवा?”