इंदूरचा सराफा : एक ओटा, दोन व्यवसाय

इंदूरचा होळकरांचा सातमजली राजवाडा पाहून पर्यटक मागच्या बाजूच्या गल्ल्यांकडे वळला, की सराफा बाजार लागतो. दिवसा येथे सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. गुंजभर फरकालाही तेथे मोल असते. रात्री आठ-नऊच्या सुमारास पेढ्या बंद होतात आणि त्यांच्याच ओट्यांसमोर कढया, तवे व पराती मांडल्या जातात. मध्यरात्र उलटली तरी गर्दी ओसरत नाही.

किसलेले मक्याचे दाणे दूध-मसाल्यात शिजवून केलेला भुट्ट्याचा कीस, दहीवडा, मालपुवा, भलामोठा जलेबा असे शाकाहारी पदार्थ ही या बाजाराची ख्याती. तरी जैन प्रवाशाने सावध असावे. हिवाळ्यात मिळणारा गराडू हे कंदमूळ आहे, खोबरा पॅटिसच्या आवरणात बटाटा असतो आणि मुळात हा बाजारच सूर्यास्तानंतरचा. चौविहार पाळणाऱ्यांनी दिवसा जवळच्या इतवारिया बाजारातील, सर शेठ हुकुमचंद यांनी उभारलेल्या काच मंदिराचे दर्शन घ्यावे, भुट्ट्याचा कीस ‘छप्पन दुकान’ येथे दिवसाउजेडी चाखावा आणि रात्रीचा सराफा केवळ पाहावा.

पाहण्यासारखी आहे ती तेथील व्यवस्था. खाद्यविक्रेत्यास मोक्याची जागा मिळते. सराफास कुलूपबंद पेढीसमोर रात्री उशिरापर्यंत माणसांचा वावर, म्हणजेच आपसूक पहारा मिळतो. या परस्पर सोयीतूनच ही चौपाटी वाढली, असे सांगतात.

अलीकडे मात्र या सोयीवर ताण आला आहे. दुकानांची संख्या वाढली, अरुंद गल्लीत गॅस सिलिंडर आले, परंपरागत पदार्थांशेजारी नवनवे प्रकार दाटले. आगीच्या भीतीने सराफांनी चौपाटी हलविण्याची मागणी केली. त्यावर केवळ जुन्या, पारंपरिक दुकानांना वाव ठेवण्याचा विचार पुढे आला. सराफाची भीती अनाठायी नाही आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे कढई ठेवणाऱ्याचा चरितार्थही क्षुल्लक नाही. व्यापारी घराण्यांना हे सहज उमगावे. भागीदारीत एकाचा नफा दुसऱ्याची जोखीम होऊ लागला, की हिशेब नव्याने मांडावा लागतो. दुकाने मोजकी राहिली, वाट मोकळी राहिली आणि सकाळी सराफास आपला ओटा स्वच्छ मिळाला, तर दोन्ही व्यवसाय एकाच गल्लीत पुढेही नांदतील.