दाखल्याच्या खिडकीमागची माणसे

शाळा म्हटली की गुरुजी आठवतात, फळा आठवतो, प्रार्थनेला उभी राहिलेली पोरे आठवतात. शाळेची कचेरी मात्र सहसा कुणाला आठवत नाही. ती आठवते दाखला लागतो तेव्हा. मुलाला बाहेरगावी प्रवेश मिळाला, जातीचा दाखला काढायचा आहे, कुठे जन्मतारखेचा पुरावा हवा आहे, की घरचा कर्ता माणूस शेतातले काम टाकून शाळेच्या खिडकीशी येऊन उभा राहतो. खिडकीच्या आत लिपिक असतो. खेड्यात त्याला भाऊसाहेब म्हणतात. कपाटातून जाडजूड जनरल रजिस्टर काढून देणारा शिपाई म्हणजे साऱ्या शाळेचा मामा. याशिवाय प्रयोगशाळेतला परिचर, आणि असलाच तर ग्रंथपाल. एवढा आमचा गोतावळा. सरकारी कागदात आम्हांला ‘शिक्षकेतर’ म्हणतात, म्हणजे शिक्षक सोडून उरलेले.

या उरलेल्यांच्या तालुका संघटनेचा चिटणीस म्हणून जून 2022 ते मे 2023 असे वर्षभर मी काम पाहिले. संघटना म्हटले की लोकांना वाटते मोर्चे, घोषणा आणि साहेबाच्या टेबलावर आपटलेली मूठ. वर्षातले चार-सहा दिवस तसे जातातही. बाकीचे दिवस कशात जातात, ते सांगावे म्हणून हा लेख.

जून महिना आमच्या सुगीचा. त्या वर्षी दहावीचा निकाल 17 जूनला लागला आणि दुसऱ्या दिवसापासून खिडकीशी रांग लागली. अशा दिवसांत सभा बोलावण्यात अर्थ नसतो. तरी महिन्यातल्या एका शनिवारी, शाळा सुटल्यावर, एखाद्या वर्गात बाकांवर दाटीवाटीने बसून आम्ही सभा घ्यायचो. चहा ज्या शाळेत सभा तिथल्या मंडळींचा. वर्गणी तिथेच गोळा व्हायची आणि पावती तिथेच फाडून द्यायची. पावतीशिवाय एक रुपयाही घ्यायचा नाही, हा जुन्या मंडळींनी घालून दिलेला नियम. पैशाचा संशय एकदा शिरला की संघटनेला वाळवी लागते, असे ते सांगत.

पहिले मोठे काम आले ते एका मामांचे. खाजगी शाळांतल्या इतर कर्मचाऱ्यांना निवृत्तीचे वय 58, पण शिपायांना 60. हे मामा नोव्हेंबरात साठ पूर्ण करणार होते. निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव तयार करायला त्यांचे सेवापुस्तक उघडले, तर सुरुवातीच्या सहा वर्षांच्या नोंदींवर मुख्याध्यापकांची सहीच नाही. दोन वेतनवाढी लिहिलेल्या, पण त्यांचा आदेश कुठे सापडेना. त्या वेळचे मुख्याध्यापक वारलेले. सही नसलेली नोंद वेतन पडताळणीत टिकत नाही, पडताळणी झाल्याशिवाय प्रस्ताव शिक्षण खात्यामार्फत महालेखापालांच्या कार्यालयाकडे जात नाही, आणि तिथून आदेश आल्याशिवाय हातात पैसा पडत नाही. तीस वर्षांवर घंटा वाजवलेला माणूस, आणि कागद म्हणतो, तू होतास याचा पुरावा दे.

पुरावा म्हणजे त्या काळची पगारबिले आणि हजेरीपट. प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत मोडक्या बाकांखाली ते गठ्ठे होते. दुसऱ्या शाळांतले दोघे लिपिक आणि मी, असे तीन रविवार तिथे बसलो. काही बिलांच्या कडा वाळवीने खाल्लेल्या, पण नावे आणि आकडे शाबूत होते. महिन्यामागून महिना जुळवून तक्ता केला. त्याच्या आधारावर सध्याच्या मुख्याध्यापकांनी नोंदी साक्षांकित केल्या. तरीही निवृत्तीनंतर चार महिने मामा विनापगार आणि विनापेन्शन राहिले. आदेश हातात पडला तेव्हा ते म्हणाले, “भाऊसाहेब, जन्मभर दुसऱ्यांची रजिस्टरं उचलून दिली. स्वतःचं पुस्तक कधी उघडून बघायचं सुचलं नाही.”

ते वाक्य आम्ही पुढच्या सभेत सगळ्यांना सांगितले आणि ठराव केला. शेतकरी जसा अधूनमधून सातबारा काढून पाहतो, कुठली नोंद चढली, कुठली राहिली ते तपासतो, तसे प्रत्येक सभासदाने वर्षातून एकदा आपले सेवापुस्तक पाहायचे. नेमणुकीचा आदेश, मान्यता, जन्मतारीख, नावाचे स्पेलिंग, वारसाची नोंद, रजेचा हिशोब, वेतनवाढ, आणि प्रत्येक पानावरची सही. दुय्यम प्रत घरी ठेवायची. उन्हाळ्यापर्यंत बहुतेकांनी पुस्तके तपासून घेतली. कुणाच्या वारसाच्या रकान्यात वारलेल्या आईचे नाव होते, तर कुणाच्या जन्मवर्षात खाडाखोड. त्या दुरुस्त्या हयातीत झाल्या, हेच त्या वर्षाचे मोठे पीक म्हणायचे.

दुसरे काम घाईचे होते. एका परिचराला संस्थाचालकांनी तोंडी सांगितले, उद्यापासून येऊ नकोस. घाबरून तो आठवडाभर घरीच बसला. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी 1977 चा सेवाशर्तींचा कायदा आहे, 1981 ची नियमावली आहे. कारण न देता, चौकशी न करता कायम माणसाला असे काढता येत नाही. काढलेच, तर 30 दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. परंतु ते 30 दिवस घरी तोंड लपवून बसण्यात निघून जातात, आणि तिथेच माणूस हरतो. आम्ही त्याला दुसऱ्याच दिवशी सोबत घेऊन शाळेत गेलो. हजर होत असल्याचे पत्र दिले आणि पोच मागितली. पोच देईनात, तेव्हा तेच पत्र रजिस्टर टपालाने पाठवले. वकिलाची गाठ घेऊन अपिलाचे कागदही तयार ठेवले. चार दिवसांनी त्याला हजेरीपटावर सही करू दिली गेली. आवाज कुणीच चढवला नव्हता. टपालाच्या पावतीने काम केले.

मग आला मार्च 2023. राज्यातल्या सरकारी, निमसरकारी आणि शाळांतल्या कर्मचाऱ्यांनी 14 मार्चपासून जुन्या पेन्शनसाठी संप पुकारला. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना तेव्हा जुनी पेन्शन नव्हती. त्यांच्या पगारातून दरमहा रक्कम कापायची, तीत सरकारने भर घालायची, तो पैसा गुंतवायचा आणि त्यातून जे येईल ते म्हातारपणी घ्यायचे, अशी ती नवी तऱ्हा. जुन्या पद्धतीत शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम ठरलेली असे. एकाच कचेरीत शेजारी बसणाऱ्या दोघांपैकी एकाला ती होती आणि दुसऱ्याला नव्हती. आमचे निम्मे सभासद या दुसऱ्या रांगेतले.

संपात उतरायचे हे ठरलेलेच होते. प्रश्न होता दहावी-बारावीच्या परीक्षांचा. त्या ऐन रंगात होत्या. संपाच्या आधीच्या रविवारी सभा झाली आणि चांगलीच तापली. तरुण मंडळी म्हणाली, परीक्षा अडली तरच सरकार ऐकेल. एक जुने ग्रंथपाल उठले आणि म्हणाले, “बाबांनो, दहावीचा पेपर म्हणजे गावाचं उभं पीक आहे. त्यात जनावर घालायचं नाही.” ठरले असे की परीक्षा केंद्रावर ज्यांची नेमणूक आहे त्यांनी काळी फीत लावून काम करायचे, बाकीच्यांनी तहसील कचेरीपुढे बसायचे. हा निर्णय सगळ्यांना आवडला नाही, पण पाळला सगळ्यांनी.

आणि त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस आला, गारा पडल्या. काढणीला आलेला गहू आडवा झाला, हरभरा भिजला, कांदा शेतात सडू लागला. पंचनामे करणारे तलाठी आणि ग्रामसेवकही संपावर. आम्ही तहसीलपुढे मांडवात बसलो असताना चिखलाने भरलेल्या पायांनी एक शेतकरी आत आला. त्याने शिवी दिली नाही, आवाजही चढवला नाही. म्हणाला, “तुमच्या म्हातारपणाची काळजी तुम्ही करताय, त्यात वावगं काही नाही. पण आमच्या म्हातारपणाचं काय? आणि आज माझा गहू बघायला कोण येणार?”

मांडवात कुणी बोलले नाही. पहिल्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. दुसऱ्या प्रश्नापुरते मात्र काही करता येण्यासारखे होते. पीक विमा भरला असेल तर तेव्हा गारपिटीची खबर 72 तासांच्या आत विमा कंपनीला द्यावी लागत असे. त्यासाठी पंचनाम्याची वाट पाहत बसायचे नसे. गट नंबर, पिकाचे नाव, नुकसानीची तारीख, विम्याची पावती, शेतातले फोटो, एवढे हाताशी लागत असे. फॉर्म भरणे हा तर आमचा रोजचा धंदा. त्या दुपारपासून मांडवातच एका बाजूला सतरंजी टाकून आमचे चौघे लिपिक मोबाईल घेऊन बसले. ज्यांनी विमा उतरवला होता त्यांच्या सूचना नोंदवून दिल्या, आणि ज्यांचा नव्हता त्यांना तहसीलदारांच्या नावाने नुकसानीचे अर्ज लिहून दिले. सगळ्यांना भरपाई मिळाली असे नाही. काहींची वेळ आधीच टळून गेली होती. पण पहिल्या दिवशी रस्त्यावरून जाताना आमच्याकडे पाठ फिरवणारी माणसे तिसऱ्या दिवशी मांडवात येऊन बसली.

20 मार्चला आश्वासनावर संप मिटला. त्यातून काय मिळाले, काय राहिले, यावर आमच्यात अजूनही वाद होतात. मला मात्र त्या आठवड्याने एक गोष्ट पक्की शिकवली. आमची मागणी कितीही न्याय्य असली, तरी ती जिथून मागायची ती जमीन गावाची आहे. खिडकीशी आलेल्या माणसाला आम्ही हेलपाटे घालायला लावले, तर आमच्या मांडवात तो कशाला येईल? पुढे नोव्हेंबर 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा शाळाशाळांतली जुनी रजिस्टरे बाहेर निघाली. त्यांना फडक्यात बांधून, उंदीर-वाळवीपासून ज्यांनी जपले, ते बहुतेक सारे मामाच होते.

मे महिन्यात वार्षिक सभेत जमाखर्च वाचून दाखवला. जमेत वर्गणी. खर्चात एस.टी.ची तिकिटे, झेरॉक्स, टपाल आणि वारलेल्या एका सभासदाच्या घरी दिलेली मदत. शिल्लक थोडी होती, पण हिशोब रुपयाला रुपया जुळला. चिटणीसपद दुसऱ्याकडे दिले.

एक प्रश्न तेवढा त्याच्या हवाली करावा लागला. निवृत्त झालेल्या त्या मामांच्या जागी नवा कायम शिपाई आला नाही. 11 डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयाने अशा रिकाम्या होणाऱ्या जागांसाठी कायम नेमणुकीऐवजी ठोक भत्ता ठरवला, ग्रामीण शाळेला दरमहा 5,000 रुपये. त्या रकमेवर गावातलाच एक बारावी झालेला मुलगा कामाला आला. घंटा तोच वाजवतो, रजिस्टर तोच काढून देतो, पोरेही त्याला मामाच म्हणतात. वार्षिक सभेला तो दारात उभा होता. “मला सभासद होता येईल का?” असे त्याने विचारले. कुणीतरी नियम काढला. दुसऱ्या कुणीतरी तो मिटवून ठेवला आणि त्याला बाकावर जागा करून दिली. त्याचे नाव आम्ही यादीत लिहिले, वर्गणी माफ केली. आमच्या यादीत आता त्याचे नाव आहे. सेवापुस्तक मात्र त्याच्या नावाचे अजून कुठेच नाही.